पाऱ्याच्या खोलीत सोनं घालून येऊ नये

रंगाच्या कारखान्यात होतो तेव्हा कुणी विचारलं, "काय करता?" तर "रंग" एवढं सांगून मोकळं होता यायचं. रसशाळेत आल्यापासून ती सोय गेली. दिघीला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणी विचारलं की मी सांगतो, "पाऱ्याची औषधं." समोरचा आधी एक पाऊल मागे सरकतो. मग दोन पावलं पुढे येऊन हळू आवाजात विचारतो, "म्हणजे ती... ताकदीची का?"

मी शिकलो केमिकल इंजिनिअरिंग. आमचा रंगाचा कारखाना गुजरातेत गेला आणि मी दिघीतच राहिलो. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत भाऊसाहेबांची रसशाळा होती. पाऱ्याच्या वाफेला जबाबदार असा एक इंजिनिअर ठेवा, असं सरकारी तपासनीसानं त्यांना बजावलं होतं. मुलाखत भाऊसाहेबांनी स्वतः घेतली.

"पारा हाताळलाय?"

"घरी एकदा थर्मामीटर फुटला होता."

"सोमवारपासून या."

आमच्या एका बाजूला गिअर बनवणारी कंपनी आणि दुसऱ्या बाजूला गाड्यांच्या सीटचा फोम. दोन्हीकडे यंत्रमानव काम करतात. मध्ये आम्ही गोवऱ्या पेटवून बसलेलो. गिअरवाल्यांकडे जपानी पाहुणे आले, की त्यांचा मॅनेजर कुंपणावरून मला ओरडून सांगायचा, "साठेसाहेब, आज तेवढं धुराचं बघा ना राव!" भाऊसाहेबांना याचा फार राग. त्यांच्या मते ते जे करत होते ते 'प्राचीन नॅनो तंत्रज्ञान' होतं. तशी पाटीच त्यांनी गेटवर लावली होती. पाटीवर एक ऋषी मायक्रोस्कोपमध्ये डोळा घालून बसला होता.

काम काय चालतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. हिंगूळ नावाचा लाल दगड असतो. त्यात पारा आणि गंधक असं दोन्ही असतं. तो तापवून त्यातला पारा काढायचा. त्या पाऱ्यात गंधक घालून दगडी खलात घोटत बसायचं, चकाकीचा एक ठिपका दिसेनासा होईपर्यंत. त्याची काजळासारखी काळी पूड होते, तिला कज्जली म्हणतात. ती पूड काचेच्या बाटलीत भरायची, बाटलीला मातीत बुडवलेल्या कापडाचे थर द्यायचे, आणि वाळूच्या भट्टीत ठेवून तापवायची. शेवटी बाटलीच्या गळ्याशी लालभडक खडे जमतात. तो रससिंदूर.

पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं, की रससिंदूर म्हणजे पारा आणि गंधकच. म्हणजे हिंगूळच. लाल दगडातून पारा काढायचा, त्याच्यावर एवढा खटाटोप करायचा, आणि परत लाल दगडावर यायचं. आमच्या मुख्य वैद्य शेंडेबाईंना मी हे फार मोठा शोध लावल्यासारखं सांगितलं. शेंडेबाई रसशास्त्रातल्या एम. डी. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"साठे, तुम्ही रोज सकाळी दिघीहून निघता आणि संध्याकाळी परत दिघीलाच जाता ना? मग निघता कशाला?"

तेव्हापासून आमचं जमलं.

औषधाचा गुण येतो का, हे मला विचारू नका. पारा हे विष आहे एवढं मला पक्कं ठाऊक आहे. तो भांड्यात राहावा, हवेत जाऊ नये, आणि आमच्या खलावरच्या बालाजीच्या लघवीच्या तपासणीत सापडू नये, एवढंच माझं काम. बालाजी लातूरकडचा. तो म्हणायचा, "सर, माझं लगीन ठरवताना पोरीकडचे पगार विचारू लालेत अन् तुम्ही माझी लघवी." तुम्ही स्वतः ही औषधं घेता का, असंही लोक विचारतात. मला मधुमेह आहे, मी त्याच्या साध्या गोळ्या घेतो. शेंडेबाईंना पित्त आहे, त्या मोरावळा खातात.

गिऱ्हाइकं मात्र एकेक भेटली. हिंजवडीचा एक तरुण पाऱ्याचं शिवलिंग मागायला आला होता. ऑफिसच्या टेबलावर ठेवलं की साहेबाचं मत बदलतं, असं त्याला कुणी तरी सांगितलं होतं. मी विचारलं, "साहेबाच्या टेबलावर ठेवणार की तुमच्या?" तो विचारात पडला आणि घरी गेला. मोशीचा एक बिल्डर पांढऱ्या कपड्यात आला, दार लावून घेतलं आणि म्हणाला, "पाऱ्याचं सोनं करतात ते तुम्हीच का?" शेंडेबाई म्हणाल्या, "करतो की. पण ज्यानं आयुष्यात खोटं बोललेलं नाही त्याच्याच हातून होतं." बिल्डरनं पाच मिनिटं विचार केला आणि विचारलं, "हाताखाली माणूस ठेवला तर चालेल का?"

पण मला सांगायचंय ते गेल्या वर्षीच्या खंडेनवमीचं.

आमच्या प्रयोगशाळेत केतकी नावाची मुलगी होती. रसायनात एम. एस्सी., माझ्या हाताखालची, आणि माझ्यापेक्षा हुशार. भाऊसाहेबांचा मुलगा निखिल आमचं मार्केटिंग बघायचा. त्याला अचानक प्रत्येक औषधाच्या चाचणीचा निकाल स्वतः प्रयोगशाळेत येऊन घ्यावासा वाटायला लागला, तेव्हाच आम्हाला कळलं होतं. केतकी चिंचवडच्या सराफांची, रत्नाकरशेठांची मुलगी. दोन्ही घरं तयार झाली, सुपारी फुटली. आणि भाऊसाहेबांच्या डोक्यात आलं, की खंडेनवमीला सगळ्या कारखान्यांत यंत्रांची पूजा होते, तर आपल्याकडे नव्या जोडप्याच्या हस्ते पारा खलात ओतून 'मर्दनारंभ', म्हणजे घोटण्याचा मुहूर्त, करायचा. व्याही येतील, फोटोग्राफर येईल, वर ड्रोन फिरेल.

"ड्रोन नाही," मी म्हणालो. "पंख्यानं वाफ पसरेल."

"बरं, ड्रोन बाहेर."

"हातमोजे आणि मास्क घालायचे."

"साठे, फोटोत हातमोजे? माझ्या मुलाचं लग्न आहे, ऑपरेशन नाही."

शेंडेबाई म्हणाल्या, "आणि अंगावर सोनं नको. कुणाच्याच."

हा आमच्याकडचा पहिला नियम. पारा आणि सोनं यांची गाठ पडली, की पारा सोन्यात शिरतो आणि सोनं बघता बघता चांदीसारखं पांढरं पडतं. म्हणून आमच्याकडे अंगठ्या, साखळ्या वॉचमनकडच्या डब्यात काढून ठेवायच्या आणि मगच खलाच्या खोलीत यायचं.

भाऊसाहेब कळवळून म्हणाले, "अहो, सराफाला सोनं काढून या म्हणू? पाव्हणे मंडपात आणि दागिने वॉचमनकडे?"

शेवटी केलेली तडजोड अशी, की खोलीत फक्त जोडपं आणि जवळची माणसं जातील आणि पारा ओतण्याआधी दागिने काढतील. ते बघायची जबाबदारी निखिलवर टाकली. तिथे घोटाळा झाला.

खंडेनवमीला सगळ्या भट्ट्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. केतकी आली ती हातात फक्त हिरव्या काचेच्या बांगड्या घालून. ते पाहून आक्कांनी तोंड वाकडं केलं. आक्का म्हणजे भाऊसाहेबांची थोरली बहीण, चाकणच्या जुन्या घरातली. भाऊसाहेब सगळ्या औद्योगिक वसाहतीत कुणाला घाबरत नाहीत, आक्कांना सोडून.

"सराफाची लेक आन् हात मोकळं? आमच्या घरात सुना असं फिरत न्हाईत."

"आक्का, पारा आहे आत, म्हणून काढलं सगळं," केतकी म्हणाली.

"पारा हाय म्हून! आमी काय चुलीपाशी सोनं काढून ठिवत व्हतो का?" असं म्हणून आक्का स्वतःच्या जाड पाटल्या वाजवत तशाच आत शिरल्या. त्यांना अडवायची माझी छाती नव्हती. शेंडेबाईंची होती, पण त्यांना भाऊसाहेबांनी हात जोडले.

आणि निखिलच्या हातात कडं होतं. चांगलं बोटभर रुंद. रत्नाकरशेठांनी सकाळीच स्वतः त्याच्या मनगटात चढवून, "हे आता उतरवायचं नाही" असं सांगितलं होतं. निखिल कॉमर्सचा. सासऱ्यानं उतरवू नको म्हटलं म्हणजे उतरवायचं नाही, एवढंच त्याला कळलं. बाहीखाली ते कुणाला दिसलं नाही.

भटजींनी मंत्र म्हटले, दोघांनी मिळून पारा ओतला. फोटोग्राफर म्हणाला, "सर, जरा हात उचला, स्माइल." निखिलनं हात उचलला, बाही मागे सरकली, पाऱ्याचा ओघळ मनगटावरून गेला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कड्यावर पांढरे डाग पडले. डाग पसरले. फोटोग्राफर तेवढ्यात सात-आठ फोटो काढून मोकळा झाला.

आक्का पुढे झाल्या. त्यांनी भाच्याचा हात धरून कडं पदरानं खसाखसा पुसलं. जितकं पुसावं तितकं ते पांढरं होत गेलं.

"आरं देवा," आक्का म्हणाल्या, बाहेर मंडपात ऐकू जाईल अशा आवाजात. "ह्ये तर पितळ हाय!"

मग बालाजीनं बोट दाखवलं. "आक्का, तुमच्या पाटल्या बी बघा की."

पुसता पुसता आक्कांच्या पाटल्याही पांढऱ्या पडल्या होत्या. दुसरं कुणी असतं तर वरमलं असतं.

"बगा! बगा!" आक्का ओरडल्या. "ह्यांच्या पितळाची लागण झाली माज्या सोन्याला!"

सगळ्यांना बाहेर काढून मी हात धुवायला लावले, सांडलेल्या पाऱ्यावर गंधक टाकला, आणि मंडपात जाऊन सोनं-पारा या विषयावर आक्कांना समजावून सांगितलं. चांगलं पाच-दहा मिनिटं. अणूंपर्यंत गेलो. आक्कांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि भाऊसाहेबांना म्हणाल्या, "ह्यो तुज्या पगारावर हाय ना? मंग ह्यो तसंच सांगणार."

रत्नाकरशेठ एका खुर्चीत शांत बसले होते. मला वाटलं त्यांना धक्का बसलाय. मी त्यांनाही समजवायला गेलो.

"साठेसाहेब," ते म्हणाले, "माझे आजोबा पाऱ्यानं देवांच्या मूर्तींना मुलामा द्यायचे. पारा लागला की सोनं पांढरं होतं, हे मला दात येण्याआधीपासून माहीत आहे. प्रश्न तो नाही. त्या बाई भर मंडपात 'पितळ' म्हणाल्या. उद्या हे सगळ्या चिंचवडात होईल. भाऊसाहेब, बहिणीला शब्द मागे घ्यायला सांगा. नाही तर सुपारी फुटली असली तरी अक्षता पडलेल्या नाहीत."

भाऊसाहेबांनी आक्कांकडे पाहिलं. आक्कांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेब म्हणाले, "साठे, काही तरी करा."

निखिल कोपऱ्यात रडवेला उभा होता. केतकी माझ्याजवळ आली. तिचं डोकं जाग्यावर होतं. "सर, बाबा बोलले म्हणजे लग्न मोडतील. आपण पारा काढू ना. तापवून."

आक्का म्हणाल्या, "पिवळं करून दावा. दावलंत तर समद्यांम्होरं शब्द मागं घीन."

"दोन्ही तापवा," रत्नाकरशेठ म्हणाले. "माझं कडं आणि यांच्या पाटल्या. एकाच भांड्यात. म्हणजे कुणाला शंका नको."

इथे आक्का एकदम मवाळ झाल्या. "माज्या ऱ्हाऊ द्या. काय बिघडलं? पांढऱ्याबी बऱ्या दिसत्यात."

"आक्का, काढ," भाऊसाहेब कधी नव्हे ते ठणकावून म्हणाले. "रसशाळेच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

पाटल्या काढताना आक्कांना इतका वेळ लागला, की बालाजी साबण घेऊन आला.

आता तांत्रिक भाग. पारा लागलेलं सोनं उघड्यावर तापवलं, तर वाफ नाकात जाते आणि माणूस जन्माचा अधू होतो. म्हणून बंद भांड्यात तापवायचं, वाफ गार करून पारा परत धरायचा. मी म्हणालो, "रिटॉर्ट लावू." शेंडेबाई म्हणाल्या, "डमरूयंत्र लावू." दोन मडकी तोंडाला तोंड लावून, सांधा मातीनं बंद करून, खालच्याला आच आणि वरच्यावर ओलं फडकं. बाहेर लग्न मोडायला आलेलं आणि आत आमचं यंत्राच्या नावावरून भांडण.

"शेंडेबाई, दोन्ही एकच आहे."

"मग डमरूयंत्र म्हणायला तुमचं काय जातं?"

शेवटी केतकी ओरडली, "सर! मॅडम! ते वरचं मडकं म्हणा, खालचं मडकं म्हणा, पण लावा!"

लावलं. धुराड्याच्या खोक्यात, एक्झॉस्ट चालू करून, मास्क चढवून. शेंडेबाईंनी मातीचा सांधा केला आणि मी आचेवर तापमापक बसवला. शेंडेबाई वरच्या मडक्याला बोट लावून आच सांगत होत्या आणि मी आकडा वाचत होतो. दोन्ही जुळलं, की आम्ही एकमेकांकडे न पाहता मान हलवायचो. बाहेर भाऊसाहेबांनी पाहुण्यांना दुसऱ्यांदा जिलबी वाढायला लावली. फोटोग्राफरचा ड्रोन कुंपणापलीकडे गेल्यामुळे गिअरवाल्यांचा मॅनेजर भांडायला आला होता, त्यालाही जिलबी दिली.

भांडं निवल्यावर उघडलं तेव्हा आत आम्ही चौघंच होतो. मी, शेंडेबाई, केतकी आणि रत्नाकरशेठ. मी चिमट्यानं आधी कडं काढलं. चकाकी गेली होती, पण रंग हळदीसारखा पिवळा. केतकीनं इतका मोठा श्वास सोडला, की तिचा मास्क फुगला.

मग मी पाटल्या काढल्या. त्या काळ्या ठिक्कर पडल्या होत्या. मधून मधून तांबूस चट्टे. फोडणीत जळालेल्या डावासारख्या दिसत होत्या.

माझ्या मनात पहिला विचार आला, की तापमान चुकलं. शेंडेबाईंच्या मनात बहुधा आला, की साठेंनी चुकवलं. रत्नाकरशेठांनी हातमोजा चढवून एक पाटली उचलली, तळहातावर उडवून पाहिली आणि म्हणाले, "एक ग्रॅम."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: पितळेच्या दागिन्यावर सोन्याचा नावापुरता पातळ थर देतात, त्याला बाजारात 'एक ग्रॅम' म्हणतात. लांबून अस्सल दिसतं. पाऱ्यानं तो थर खाल्ला होता आणि आचेनं खालचं पितळ काळवंडलं होतं.

तेवढ्यात दार किलकिलं झालं. आक्का. त्यांनी ट्रेमध्ये पाहिलं आणि मागे दार घट्ट लावून घेतलं. मघाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"खऱ्या लॉकरात हायेत ओ. देवाशप्पथ. गाडीवरनं पोरं येत्यात, हिसकून नेत्यात. म्हून ह्या घालतीया."

"असतीलच," रत्नाकरशेठ म्हणाले.

"न्हाई, पर म्या तिन्ही सुनांना दम दिलाय. आमच्या घरात कुनी एक ग्रॅम घालायचं न्हाई म्हून. आता भाईर ह्ये कळलं तर त्या मला जेवाय वाढतील का?"

रत्नाकरशेठांच्या हातात ती काळी पाटली होती. दार उघडून ती मंडपात नुसती उंच धरली असती तरी चिंचवडात दुसऱ्याच गोष्टीची चर्चा झाली असती. केतकी फक्त "बाबा" म्हणाली.

शेठनी पाटल्या रुमालात गुंडाळून खिशात घातल्या. मग कडं घेतलं, टेबलावरचा मऊ कपडा ओढला, आणि आमच्या प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसून ते घासायला लागले. चांगला रंगीत फेटा बांधलेला माणूस, खाली मान घालून घासत होता. कड्याला जरा चकाकी आल्यावर ते उठले आणि दार उघडलं.

"कडं झालं," त्यांनी सांगितलं. "आक्कांच्या पाटल्यांना जरा पॉलिश लागेल. दुकानात नेतो, दोन दिवसांत पोचवतो."

भाऊसाहेब पुढे झाले. "पण त्या पिवळ्या झाल्या ना?"

मी छताकडे पाहिलं. शेंडेबाई म्हणाल्या, "जशा होत्या तशाच निघाल्या." त्या खोटं बोलत नाहीत.

आणि आक्का मंडपाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. "म्या सोता बगितलंया! कडं बावनकशी हाय! कुनी पितळ म्हनंल तर माज्याशी गाठ हाय!" 'पितळ' म्हणणाऱ्या त्या एकट्याच होत्या, पण आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. निखिल रडला तो आता.

लग्न तुळशीच्या लग्नानंतर चिंचवडच्या एका हॉलमध्ये झालं. त्याआधी मी निखिलला रक्त तपासायला आणि कड्यात पारा राहिलाय का ते बघायला पाठवलं होतं. माझा लग्नातला आहेर तोच. केतकी अजून आमच्याकडेच आहे, आता मालकीण म्हणून मला रजा नाकारते. भाऊसाहेबांनी खलाच्या खोलीवर नवी पाटी लावली: 'सुवर्ण बाहेर, संस्कार आत.' नियम आमचा असला, तरी पाटी त्यांचीच.

लग्नात आक्का प्रत्येक बाईपुढे मनगट नाचवत होत्या. "बगा, याह्यांनी पॉलिश करून दिल्यात. असलं सोनं आता मिळत न्हाई." पाटल्या खरंच लखलखत होत्या. त्यांच्या तिन्ही सुना मागे ओळीनं, हात भरभरून नटलेल्या.

पंगतीत रत्नाकरशेठ माझ्याशेजारी आले. मी हळूच विचारलं, "शेठ, त्या दिवशी तुमच्या हातात डाव होता. का सोडलात?"

त्यांनी मठ्ठ्याचा घोट घेतला, सुनांच्या ओळीकडे एकदा डोळाभर पाहिलं, आणि माझ्या कानाशी वाकले.

"साठेसाहेब, आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक ग्रॅमचं काउंटर आहे. आक्कांच्या हातातल्या या पाटल्या तिथल्याच. आणि त्या तिघींचं मंगळसूत्रापासून सगळं तिथलंच. आता एवढं गिऱ्हाईक कोण तोडतं हो?"